मागच्या खोलीचं दार

मंदाकिनी बोरकरांची तेरवी झाली आणि पुढच्या रविवारी मराठी मंडळाच्या हॉलमध्ये त्यांची श्रद्धांजली सभा ठेवली. फोटोला चांगला जाड हार होता. फोटोही चांगला निवडला होता, महालक्ष्म्यांसमोर बसून काढलेला, डोक्यावर पदर, हातात आरतीचं ताट. रायपुरातल्या निम्म्या मराठी घरांत कुठलं व्रत कधी सोडायचं, नैवेद्यात काय चालतं आणि काय नाही, हे विचारायला ज्या बाईला फोन जायचा ती बाई गेली होती. साहजिकच हॉल भरला होता.

मंडळाचे अध्यक्ष अच्युतराव बोलले. मंदाकाकूंनी परमुलखात येऊन कुळधर्म कसा राखला, एक भाद्रपद चुकवला नाही, एक नियम मोडला नाही, हे सगळं त्यांनी सांगितलं. मग मुलगा निरंजन उठला. त्याला बोलायची सवय होती, ऑफिसात तो रोज बोलायचा. म्हणाला, "आई गेली तेव्हा तिच्या तोंडी देवीचंच नाव होतं. शेवटचा शब्दसुद्धा तोच." हॉलमध्ये बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

तिसऱ्या रांगेत बसलेली सुनीती वरच्या पंख्याकडे बघत राहिली. आई गेली तेव्हा खोलीत ती एकटीच होती. निरंजन तेलीबांध्याला ऑफिसात होता. आईचा शेवटचा शब्द कोणता ते तिने त्याला सांगितलं नव्हतं आणि त्याने विचारलंही नव्हतं. विचारून फायदा काय, असा शब्द तर सभेत सांगता आला नसता.

"सुनीती, तू तर लेक. दोन शब्द बोल," अच्युतरावांनी माईक पुढे केला.

सुनीतीने मान हलवली. "मले नाही जमणार काका."

मागून कुणीतरी "बिचारी" म्हणालं. हा शब्द तिला पंचवीस वर्षं पुरला होता, आणखी एकदा ऐकून काही बिघडलं नाही. मंडळातल्या लोकांना वाटलं पोरीला भरून आलंय. भरून आलं होतंच, पण ते बाहेर काढलं असतं तर मंडळाला हॉल धुऊन घ्यावा लागला असता.

मंदाकिनी दर्यापूरची. लग्न होऊन रायपूरला आली तेव्हा अजून विशीही लागली नव्हती. नवरा गंगाधर रेल्वेत. माहेरची माणसं तिला स्टेशनावर सोडायला आली ती अशी रडली की जणू पोरगी समुद्रापार चालली आहे. हिंदी मुलूख, भाताचा मुलूख, भाकरी दिसायची नाही की ओळखीचा शब्द कानावर पडायचा नाही. पहिलं वर्षभर ती भाजीवाल्याला बोटाने दाखवून भाजी घ्यायची आणि घरी येऊन रडायची. पुढे हिंदी शिकली, पण ती शेवटपर्यंत भांडल्यासारखीच बोलायची. "ए भैया, बराबर तोल ना, काहून डांडी मारता?" असं म्हटलं की भाजीवाला हसून दोन मिरच्या जास्त टाकायचा.

सासरही मूळचं दर्यापूरचंच, घरच्या महालक्ष्म्या तिथे मोठ्या जावेकडे होत्या. सासू गेल्यावर जाऊ म्हणाली, माह्यानं होत नाही एवढं. मंदाकिनी म्हणाली, मग मी नेते. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोन पितळी मुखवटे, तिने आपल्या लग्नाच्या शालूत गुंडाळले आणि बडनेऱ्याहून गाडीत बसली ती रायपूरपर्यंत मांडीवर घेऊनच. डब्यात कुणीतरी भल्या माणसाने सांगितलं, बहनजी, गठरी सीट के नीचे रख दो, पैर सीधे कर लो. तिने विचारलं, "तुम्हारी माँ को सीट के नीचे रखोगे क्या?" ही गोष्ट अच्युतरावांनी सभेत सांगितली तेव्हा लोक हसले, आणि सुनीतीलाही हसू आलं, कारण गोष्ट खरी होती आणि आई अशीच होती.

आधी रेल्वेचं क्वार्टर, मग गुढियारीला स्वतःचं घर. घर बदललं तरी भाद्रपदातले ते तीन दिवस बदलले नाहीत. छत्तीसगडात चांगली ज्वारी मिळत नाही म्हणून आंबिलीपुरती ज्वारी दर वर्षी दर्यापूरहून यायची. सदर बाजारातून देवींच्या साड्या यायच्या, आणि त्या दुकानदाराला मंदाकिनी बजावायची की नेसणारं गिऱ्हाईक साधं नाही, रंग जाता कामा नये.

सगळ्यात महत्त्वाचं होतं ते देवीला घरात आणणं. तुळशीपासून हळदीकुंकवाची पावलं काढलेली असायची. मंदाकिनी ज्येष्ठेचा मुखवटा दोन्ही हातांत धरून त्या पावलांवरून यायची. मागे थाळी वाजायची. उंबऱ्यावर कुणीतरी विचारायचं, लक्ष्मी कशाच्या पावलांनी आली? ती म्हणायची, सोन्याच्या पावलांनी आली. मग देवीला सगळं घर दाखवायचं. प्रत्येक दारात थांबून ती विचारायची, इथं काय आहे? आणि घरातल्यांनी एका आवाजात सांगायचं. इथं स्वयंपाक आहे. इथं धान्य आहे. इथं मुलांची पुस्तकं आहेत. जे दाखवाल ते देवी भरभरून देते, अशी समजूत. लहानपणी थाळी सुनीतीकडे असायची आणि सगळ्यात मोठा आवाज तिचाच. बोळाच्या टोकाला न्हाणीघराला लागून एक मागची खोली होती, तिथे कधीमधी गावाकडचे पाहुणे उतरायचे. तिथेही देवी थांबायची आणि सुनीती ओरडायची, "इथं पाहुणे आहेत!"

सुनीतीचं लग्न बीरगांवला झालं. पराग तिथल्याच उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर होता, हसरा, थोडा आळशी, बायकोवर जीव टाकणारा. एक दिवस ड्युटीवरून येताना रिंग रोडवर ट्रकखाली गेला. निधी तेव्हा तीन वर्षांची होती. तेरवी उरकली आणि सासऱ्यांनी सांगितलं की घर लहान आहे, धाकट्याचं लग्न ठरतंय, तेव्हा सूनबाईने आपला विचार करावा.

दुसऱ्याच दिवशी मंदाकिनी ऑटो करून बीरगांवला गेली. पाणीसुद्धा प्यायली नाही. सुनीतीच्या पेट्या तिने स्वतः ऑटोत ठेवल्या, निधीला कडेवर घेतलं आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माही पोट्टी मले जड नाही. तुमाले जड झाली असन त सांगा, मी तुमच्यासाठी बी दोन घास पाठवीन!" आयुष्यात सुनीतीला इतकं सुरक्षित कधी वाटलं नव्हतं, आधीही आणि नंतरही. आईला नुसती वाईट म्हणून मोकळं होता आलं असतं तर किती बरं झालं असतं, हे ती पुढे फार वेळा मनाशी म्हणाली.

घरात तिला मागची खोली मिळाली. मग त्या वर्षीचा भाद्रपद आला. पहाटेपासून सुनीतीने आईच्या बरोबरीने सगळं केलं. फुलोऱ्याच्या करंज्या केल्या, सोळा भाज्या निवडल्या, पावलंसुद्धा तिनेच काढली. देवी आणायची वेळ झाली तशी मंदाकिनीने नवं लुगडं नेसलं, हातात मुखवटा घेण्याआधी वळून पाहिलं आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "सुने, तू आता मांगं जाय."

"मांगं म्हणजे?"

"खोलीत. दार लावून घे. विधवा बाईनं समोर नाही राहावं. माही सासू बी गोठ्याच्या मांगं जाऊन बसे. तिनं पाळलं, मी बी पाळते. यात वाईट वाटून घ्याचं काम नाही."

वाईट वाटून घेऊ नकोस असं सांगितलं की वाईट वाटत नाही, असा आईचा ठाम विश्वास होता. सुनीती खोलीत जाऊन कॉटवर बसली. थाळी वाजत आली. इथं स्वयंपाक आहे. इथं धान्य आहे. इथं पुस्तकं आहेत. बोळातून पावलं आली, दाराशी क्षणभर थांबली, आणि बाहेरून कुणीतरी दार आणखी घट्ट ओढून घेतलं. मग पावलं परत गेली. "इथं काय आहे?" हा प्रश्न त्या दारात कुणी विचारलाच नाही.

निधीला मात्र बाहेर मज्जाव नव्हता. उलट थाळी आता तिच्या हातात आली होती. शाळेत जायला लागल्यावर एका वर्षी तिने मोठ्याने विचारलं, "आजी, हमारे कमरे में क्यों नहीं जाते?"

"तिथं काय आहे तिले दाखवाले?" मंदाकिनी म्हणाली, आणि पुढे चालू लागली.

दार पातळ होतं. सुनीतीला ते वाक्य जसंच्या तसं ऐकू आलं. तिने खोलीत नजर फिरवली. एक कॉट, पेटीवर परागचा फोटो, खिळ्याला अडकवलेला निधीचा शाळेचा ड्रेस. आईचं म्हणणं तसं चूक नव्हतं, दाखवण्यासारखं खरंच काही नव्हतं. पण ज्यांच्याकडे नसतं त्यांच्याकडेच देवीने आधी यावं, एवढं तरी आईला कळायला पाहिजे होतं, असं तिला वाटलं आणि त्या दिवसापासून ती त्या एकाच गोष्टीची वाट बघायला लागली. पुन्हा लग्न नको होतं तिला, दागिना नको होता. वर्षातून एकदा आईने तो मुखवटा घेऊन तिच्या दारात थांबावं आणि विचारावं, इथं काय आहे. तिने उत्तरही ठरवून ठेवलं होतं. इथं माझी निधी आहे.

बाकी तीनशे चौसष्ट दिवस मंदाकिनी प्रेमळ आई होती आणि त्याहून प्रेमळ आजी. निधीच्या वेण्या तीच घालायची, ताप आला तर उशाशी तीच बसायची, पोरीची दृष्ट काढताना मीठमोहऱ्यांचा तडतडाट झाला नाही तर पुन्हा काढायची. सुनीतीने बालवाडीत नोकरी धरली तेव्हा गंगाधरराव कुरकुरले, पण मंदाकिनी म्हणाली, जाऊ द्या तिले, मी आहे पोट्टीकडे बघाले. म्हणूनच तर राग कुणावर काढायचा ते सुनीतीला कधी ठरवता आलं नाही.

शेजारची साहूकाकी तीजाला, म्हणजे आपल्या हरतालिकेला, आपल्या लेकींना माहेरी आणायची, प्रत्येकीला लुगडं करायची. एका वर्षी तिने एक लुगडं सुनीतीच्याही हातात ठेवलं. हिरवं होतं. मंदाकिनी म्हणाली, "बाई, उसको हरा कैसा दिया?" साहूकाकीने छत्तीसगढीत सरळ सांगितलं, "हव, दे हंव. बेटी त बेटी होथे." हो, दिलं, लेक ती लेकच. मंदाकिनीने लुगडं ठेवून घेतलं, पण नेसू दिलं नाही. पुढे ते निधीच्या भातुकलीत फाटून गेलं.

गंगाधरराव गेले ते पिकल्या पानासारखे, झोपेत. मंदाकिनीने बांगड्या उतरवल्या, कुंकू पुसलं. तिच्या दुःखाबरोबर सुनीतीच्या मनात एक वेगळीच धाकधूक सुरू झाली. भाद्रपद जवळ येत होता. आता नियमाने आईलाही मागे जावं लागणार होतं. सून दीक्षा घरात होती, सवाष्ण होती, बँकेतून तीन दिवसांची रजा घ्यायला तयार होती. तिच्या हातात मुखवटे जाणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं.

आवाहनाच्या आदल्या दिवशी सकाळी चहा पिता पिता मंदाकिनीने जाहीर केलं, "रात्री स्वप्नात आली होती."

"कोण?" निरंजनने विचारलं.

"ज्येष्ठा. म्हणे, मंदे, तू नाही उचललं त मले कोण उचलन? या पोट्टीले कुठं येते? तू मले मांडीवर घेऊन आली होती, तूच घरात घे."

देवीची आज्ञा म्हटल्यावर बोलणार कोण? दीक्षाला तर सुटल्यासारखंच झालं. आणि सगळ्यात जास्त आनंद झाला तो सुनीतीला. हसण्यासारखी गोष्ट आहे, पण खरी आहे. तिला वाटलं, नियम मोडला. आईसाठी मोडला तर माझ्यासाठीही मोडला. शेवटी बाईच ती, स्वतःवर वेळ आल्यावर तिला कळलं असेल.

त्या दिवशी तिने मागची खोली धुऊन काढली. कॉटवर नवी चादर घातली. परागचा फोटो पुसला आणि, उगाच कुणाला खुपायला नको म्हणून, पेटीत ठेवला. निधीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता, तिची नवी पुस्तकं टेबलावर रचून ठेवली. आणि बोळातून आपल्या उंबऱ्यापर्यंत हळदीकुंकवाची पावलं काढली, एकेक बोट नीट उठवून.

"मम्मी, आज इधर भी आएगी?" निधीने विचारलं.

"येईन ना. आजी आणून राहिली न."

मंदाकिनी मुखवटा घेऊन निघाली. पांढऱ्या कपाळाची बाई सोन्याच्या पावलांनी घरात आली आणि कुणाच्या भुवया हलल्या नाहीत. स्वयंपाकघर झालं, कोठी झाली, वरच्या खोल्या झाल्या. मग ती बोळात वळली. दार सताड उघडं होतं. आत सुनीती उभी होती, निधीच्या खांद्यावर हात ठेवून. मंदाकिनीने खाली पावलं बघितली, वर लेकीचं तोंड बघितलं. लेकीच्या तोंडावर काय होतं ते तिला नक्की कळलं, कारण तिने लगेच नजर काढून घेतली. हात गुंतलेले होते. ती सुनेकडे वळून म्हणाली, "दीक्षा, दार ओढून घे."

दीक्षा घुटमळली. तिने ओठांतल्या ओठांत "सॉरी ताई" म्हटलं आणि दार ओढलं.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर सुनीतीने आईला स्वयंपाकघरात गाठलं. "तुले चालते, आई. मग मले काहून नाही चालत?"

मंदाकिनी पुरणाचं पातेलं झाकत होती. झाकून झाल्यावर म्हणाली, "तुये बाबा भरल्या वयात गेले. नातवंडं पाहून गेले. पराग अवेळी गेला. अवेळीचं असते ते तिच्या नजरंले नाही पडू द्यावं. तिनं पाहिलं अन् उद्या निरंजनच्या घरावर काही आलं, त तू भरून देशील काय?"

म्हणजे नुसता नियम नव्हता तो. आईला तिची भीती वाटत होती. पोटच्या पोरीच्या खोलीतून काहीतरी बाहेर येईल आणि पोराच्या संसाराला लागेल, ही भीती. इतकी वर्षं सुनीतीने आईला हट्टी समजून माफ केलं होतं. त्या संध्याकाळी ते माफ करणं संपलं. तिने बोळातली पावलं ओल्या फडक्याने पुसून टाकली, परागचा फोटो पेटीतून काढून पुन्हा जागेवर ठेवला, आणि त्यानंतर ती कुठल्याच भाद्रपदाची वाट बघेनाशी झाली. करंज्या मात्र करत राहिली. तिच्या हाताच्या करंज्या देवीला चालायच्या.

निधी शिकली, नोकरी लागून पुण्याला गेली. मंदाकिनी देवी आणत राहिली, मंडळात तिच्या स्वप्नाची गोष्ट सांगितली जाऊ लागली आणि लोक तिच्या पाया पडू लागले. मग एका हिवाळ्यात तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. हॉस्पिटलातून घरी आणली तेव्हा प्रश्न आला, ठेवायचं कुठे?

दीक्षाने फार गोड शब्दांत सुचवलं, "ताई, तुमची खोली न्हाणीघराजवळ आहे. आईंना तिथंच सोयीचं पडेल. नाही का हो?" निरंजन म्हणाला, हो, सोयीचंच आहे. तेलीबांध्याला त्याचा नवा फ्लॅट तयार होत होता, तोवर तर दुसरी सोयच नव्हती.

अशी मंदाकिनी मागच्या खोलीत आली. सुनीती तिला पुसायची, कुशीवर वळवायची, मऊ भात भरवायची. नोकरी सुटली. दोघी फारशा बोलत नसत. आईला बोलायला त्रास व्हायचा आणि लेकीकडे बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. कधीकधी आई परागच्या फोटोकडे बघत राहायची. सुनीती फोटो हलवायची नाही.

भाद्रपद आला तशी मंदाकिनीला हुशारी आली. तिने खुणेने नवं लुगडं मागितलं. केस विंचरून घेतले. उश्या लावून दाराकडे तोंड करून बसवायला लावलं. सकाळपासून ती पुन्हा पुन्हा विचारत होती, "आली?" सुनीती सांगायची, यायची आहे. यंदा मुखवटा दीक्षाच्या हातात होता. पुरणपोळ्या बाहेरून मागवल्या होत्या आणि आरती मोबाइलवर लावली होती, पण थाळी वाजली, पावलांचा आवाज आला, आणि मंदाकिनीने डाव्या हाताने पदर सारखा केला.

"इथं काय आहे?" स्वयंपाकघराच्या दारातून दीक्षाचा आवाज आला. मग कोठीच्या. मग वरून. मंदाकिनी प्रत्येक उत्तर ओठांतल्या ओठांत म्हणत होती.

थाळी बोळात आली. दार उघडंच होतं. दीक्षा दिसली, हातात ज्येष्ठा, मागे निरंजन. मंदाकिनीने डावा हात कपाळाला लावला. दीक्षा उंबऱ्याअलीकडे थांबली, जशी दर वर्षी सासू थांबायची. मग ती वळून हळूच नवऱ्याला म्हणाली, "अहो, दार ओढून घ्या. आईंचाच नियम आहे."

"मी हाय ना इथं," मंदाकिनी म्हणाली. वाकड्या तोंडातूनही शब्द स्पष्ट आले.

निरंजनने आईकडे पाहिलं नाही. त्याचा हात आत आला, कडी धरली आणि दार लागलं. थाळी परत फिरली.

बाहेरून कडी घातलेली नव्हती. सुनीती दारापासून दोन हातांवर बसली होती. नुसता हात लांब केला असता तर दार उघडलं असतं, ती ओरडली असती तर दीक्षाला परत यावं लागलं असतं. आईने तिच्याकडे पाहिलं. ती नजर सुनीतीला ओळखीची होती, इतकी वर्षं या खोलीतून ती तिनेच दाराकडे लावली होती. तिला आईची दया आली, आणि त्याहून जास्त राग आला, आणि ती जागची हलली नाही.

"सुने... इकडं नाही आली?"

सुनीतीने आईची उशी सारखी केली. "इथं काय आहे तिले दाखवाले?" ती म्हणाली.

हे वाक्य तिने किती वर्षं जपून ठेवलं होतं. बोलून टाकलं की मोकळं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. मंदाकिनीने तिच्याकडे पाहिलं. वाक्य ओळखीचं आहे हे तिला कळलं होतं. मग तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. थोड्या वेळाने नैवेद्याचं ताट आलं ते दाराबाहेर ठेवलेलं सापडलं. सुनीतीने पुरणपोळी दुधात कुस्करून आईला भरवली, आणि आईने मुकाट्याने खाल्ली.

त्यानंतर मंदाकिनीचं बोलणं जवळजवळ संपलं. एकच शब्द राहिला. वाऱ्याने दार लागलं, कुणी जाता येता ओढून घेतलं, की ती डावा हात उचलून म्हणायची, "दार." सुनीती उठून उघडायची. दिवसातून कितीदा तरी. निरंजन फोनवर बोलत बोळातून जाताना सवयीने दार ओढून जायचा, आणि आतून तोच आवाज यायचा.

शेवटच्या दिवशी दुपारीही तेच झालं. घरात कुणी नव्हतं. दार वाऱ्याने लागलं. श्वास लागला होता, डोळे वर गेले होते, तरी हात जरासा उचलला गेला. "दार," मंदाकिनी म्हणाली.

सुनीतीने उठून दार सताड उघडलं. बाहेर बोळ होता, आणि बोळात कपडे धुण्याचं मशीन चालू होतं. ती वळली तेव्हा आईचा हात खाली पडला होता आणि डोळे दाराकडे उघडे होते.